परक्या मुलखातलं दार

शेअर बाजार चढो वा पडो, मराठी मध्यमवर्गाचा खरा विश्वास चार भिंतींवर. मुलगा सिंगापूरला नोकरीला लागला, की वर्षभरात फोनवर विषय निघतोच : ‘‘भाडं किती दिवस भरायचं? घेऊन टाकू या का घर?’’ आणि इकडे आईबाबा प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांची बेरीज करू लागतात.

बँकेतून निवृत्त झालो, तरी असे पालक माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी तिथला कायदा सांगतो. सिंगापूरचे बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमध्ये राहतात. ते परदेशी माणसाला विकत घेता येत नाहीत. जमिनीसकट बंगला घ्यायचा, तर सरकारची परवानगी लागते. उरला खाजगी फ्लॅट. त्यावर नेहमीच्या मुद्रांक शुल्काखेरीज परदेशी माणसाला जादा शुल्क पडतं. २०११ साली ते १० टक्के होतं. एप्रिल २०२३ मध्ये ६० टक्के झालं. म्हणजे २० लाख सिंगापुरी डॉलरच्या फ्लॅटवर आणखी १२ लाख डॉलर!

हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी म्हणाल्या, ‘‘म्हणजे भाऊजी, पैसे दीड घराचे मोजायचे आणि राहायचं एकाच घरात?’’

वहिनींनी हिशेब थोडा कमीच धरला होता. मात्र तोच मुलगा तिथला कायम रहिवासी झाला, तर पहिल्या घरावर हे जादा शुल्क ५ टक्के. नागरिक झाला, तर शून्य. नुसतं थांबण्यात केवढी बचत!

इथून पैसे पाठवण्यालाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलर. तेही स्वतःच्या शिलकीतून. इथली बँक त्यासाठी कर्ज देत नाही.

हा अन्याय वाटतो? मग आपला कायदा पाहा. मूळचा भारतीय नसलेल्या, परदेशात राहणाऱ्या परकीयाला आपणही सहसा इथे घर घेऊ देत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्याच मुलाला ओसीआय कार्डावर पुण्यात फ्लॅट घेता येतो. पण गावाकडची शेतजमीन वारसाने मिळाली तरच, विकत घेता येत नाही. प्रत्येक देश आधी घरच्यांच्या डोक्यावरचं छप्पर बघतो.

तेव्हा म्हातारपणाची पुंजी मोडण्याआधी मुलाला एकच विचारा : ‘‘तू तिथे कायमचा राहणार आहेस का?’’ उत्तर ‘बघू’ असं आलं, तर त्याला खुशाल भाडं भरू द्या. नातवंडं भाड्याच्या घरातही तितकीच छान रांगतात.