तबकडीवर नाव कोणाचे?

दुसऱ्याच्या तबकड्या वाजविणाऱ्यास कारागीर म्हणावे काय, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडेल. मलाही पडला होता. फ्रँकी नकल्सचे काम समजल्यावर तो सुटला.

न्यूयॉर्कमध्ये १९५५ साली जन्मलेला हा निग्रोवंशीय (आज कृष्णवर्णीय म्हणतात, तेच बरे) तरुण १९७७ मध्ये शिकागोच्या ‘वेअरहाउस’ या नृत्यगृहात तबकड्या लावू लागला. तेथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय, त्यांत पुष्कळ समलिंगी. १२ जुलै १९७९ रोजी त्याच शहरातील क्रीडांगणावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. पुढे कंपन्यांनीही त्या संगीतातून हात आखडता घेतला. पण शनिवारी नाचायला माणसे तर येणारच! तेव्हा नकल्स जुने गाणे टेपवर घेई, नाचणाऱ्यांचे पाय जेथे रमत तो तुकडा कापून पुन्हा पुन्हा जोडी. पुढे त्याखाली ड्रम मशीनचा ठोकाही घालू लागला. ‘हाउस’ हे नाव वेअरहाउसवरूनच पडले, असे मानतात. गाणी अशी नव्याने बांधण्याचा ग्रॅमी पुरस्कार १९९८ साली प्रथमच दिला गेला. तो त्यालाच मिळाला.

एक गोष्ट मात्र खटकते. १९८७ साली ‘युअर लव्ह’ची तबकडी निघाली. गीत जेमी प्रिन्सिपलचे, गळाही त्याचाच. तबकडीवर नाव एकट्या नकल्सचे. मस्टरवर नाव नसलेले कामगार मी पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून हे चटकन दिसले. नकल्स २०१४ साली वारला. वेअरहाउससमोरच्या रस्त्याला २००४ पासूनच त्याचे नाव आहे.