सत्कृत्यामागील हेतू

मनुष्य आत्मपरीक्षण करतो ते बहुधा काही वाईट घडल्यावर. असत्य, क्रोध, लोभ ह्यांचा हिशेब मन सहज मांडते. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू ख्रिस्ताने ज्या तीन गोष्टींविषयी शिष्यांस सावध केले आहे, त्या तिन्ही सत्कृत्येच आहेत: दान, प्रार्थना आणि उपवास. ही कृत्ये लोकांनी पाहावीत म्हणून केली, तर लोकांची वाहवा हेच त्यांचे वेतन. ते हाती पडले की हिशेब संपला, असा त्या उपदेशाचा भावार्थ आहे. ख्रिस्ती जीवनात हेतूंच्या परीक्षणास आरंभ होतो तो येथून.

लूकच्या शुभवर्तमानात परूशी आणि जकातदार ह्यांचा दृष्टान्त आहे. त्यातील परूशी खोटे बोलत नाही. तो खरोखरच उपवास करतो व दशांश देतो. परंतु दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे पाहून तो स्वतःची उंची मोजतो, आणि तेथेच त्याची प्रार्थना संपते. ही गोष्ट ऐकून 'आपण तसे नाही, हे एक बरे' असे ज्याच्या मनात येते, तो त्याच क्षणी परूशाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. अहंकार असा विनयाचेच वस्त्र पांघरून येत असल्यामुळे त्यास ओळखणे अवघड.

महाराष्ट्रात ह्या परीक्षणाचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे होय. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन उघडले. इतके झाल्यावर मनुष्य आपल्याविषयी निश्चिंत होतो. रमाबाईंनी मात्र १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात असे कबूल केले की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, परंतु खुद्द ख्रिस्त लाभला नव्हता. बुद्धीला पटलेल्या मतावरच आपण समाधान मानले होते. कीर्ती पदरी असता असे लिहिणे सोपे नव्हे.

ह्यावरून नम्रता म्हणजे मान तुकवणे, असा मात्र अर्थ काढू नये. वाँटेज येथील जेराल्डिन भगिनींस रमाबाई गर्विष्ठ वाटत. कारण धर्ममतांविषयी त्या प्रश्न विचारीत आणि वडीलधाऱ्यांचे म्हणणे केवळ वडीलधाऱ्यांचे म्हणून मान्य करीत नसत. आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा अधिकार रमाबाईंनी सोडला नाही. पुढे त्याच विदुषीने संस्कृतातील पांडित्य बाजूस ठेवून, साध्या बायाबापड्यांस समजेल अशा मराठीत बायबलाचे भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले. सत्तेपुढे ताठ आणि अशिक्षित स्त्रीपुढे वाकलेली, अशी ही नम्रता होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि अनेक निराधार मुली व विधवा त्यांनी आश्रयास आणल्या. त्याच मध्यप्रांतात तेव्हा चांदा जिल्हा होता. हाच आजचा चंद्रपूर. गडचिरोली जिल्हा त्यातून १९८२ मध्ये वेगळा झाला. ह्या अरण्यप्रदेशात हेतूंच्या परीक्षणाची दुसरी कथा घडली. तिचा नायक ख्रिस्ती मंडळीतील नव्हता, तरी कसोटी तीच होती. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास, म्हणजे बाबा आमटे, निर्भय म्हणून ख्यात होते. एका मरणोन्मुख कुष्ठरोग्यास पाहून तेच भयाने पळाले. ती भीती त्यांनी झाकली नाही. परत येऊन त्या रोग्याची शुश्रूषा केली. कुष्ठसेवा आपण कोणावर उपकार करण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या मनातील भय जिंकण्यासाठी हाती घेतली, असे ते पुढे सांगत. हेतू इतक्या प्रांजळपणे सांगणाऱ्यास उपकारकर्त्याचा मोठेपणा मिरवण्यास जागाच उरत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो. तेव्हा पेत्र प्रथम नकार देतो. वरवर हा विनय दिसतो. वस्तुतः दुसऱ्याकडून सेवा घेण्यातही अहंकार आड येतो, हे तो प्रसंग शिकवितो. जो केवळ देतो आणि कधीच घेत नाही, तो नकळत घेणाऱ्यास खाली ढकलतो. वरोऱ्याच्या आनंदवनात रोगी भिक्षेवर बसले नाहीत. त्यांनी जमीन कसली, धान्य पिकविले, आणि त्यांच्या श्रमांतून परिसरातील निरोगी मुलांसाठी महाविद्यालयही उभे राहिले. ज्या समाजाने त्यांस गावाबाहेर घालविले, त्याच समाजास त्यांच्याकडून घ्यावे लागले. वनप्रदेशात सेवेसाठी जाणाऱ्या वैद्याने, शिक्षकाने वा धर्मोपदेशकाने हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

असे परीक्षण रोज करावयाचे तर तीन प्रश्न पुरेत. हे काम कोणी पाहिले नसते तर केले असते काय? ह्याचे श्रेय दुसऱ्यास मिळाले तर मन प्रसन्न राहील काय? आणि ज्याची सेवा केली, त्याने चूक दाखविली तर ती ऐकून घेता येईल काय? ह्यांची उत्तरे पुष्कळदा लाजविणारी येतात. तरीही हेतू निर्मळ होईपर्यंत काम थांबविणे इष्ट नव्हे. भुकेल्यास अन्न हवे असते, ते वाढणाऱ्याच्या चित्तशुद्धीची वाट पाहत नाही. मिश्र हेतू ईश्वरापुढे कबूल करावा आणि हातातले काम पुढे चालवावे. काम करता करता त्यातील 'मी' थोडा थोडा झिजतो. आणि तो किती झिजला हे मोजीत बसण्याचा मोह सुटला, म्हणजे नम्रतेस खरा आरंभ झाला असे समजावे.