कोळीवाड्याची मोकळी जागा

मुंबईच्या किनारी रस्त्याचा आराखडा वरळीच्या नाखव्यांनी बदलायला लावला. हा रस्ता सागरी सेतूला मिळतो तिथे, क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर पडतात त्याच वाटेवर, पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरलं होतं. छोट्या होडीला ६० मीटर पुष्कळ, असं कागदावर दिसतं. पण पाण्याखाली खडक आहेत, भरती-ओहोटीची ओढ आहे आणि वारा फिरला की होडी सरळ जात नाही, हे रोज त्या वाटेनं जाणाऱ्यांनाच ठाऊक. त्यांनी काम रोखून धरलं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि मधला एक खांब गाळावा लागला.

कोळी संस्कृती म्हटली की आपल्याला नाच, लुगडं, नारळी पौर्णिमेची मिरवणूक आठवते. ते सगळं खरंच आहे. पण वारा, तळ आणि ओढ ओळखणारं हे ज्ञान त्याच संस्कृतीचा कणा आहे, आणि ते बंदराला लागून राहिलं तरच एका पिढीकडून दुसरीकडे जातं.

वरळी हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला गेला आणि ते मुंबईच्या मुख्य बेटाशी जोडलं गेलं. कोळ्यांची वस्ती त्याच्या कितीतरी आधीची. टोकाला सतराव्या शतकातला इंग्रजांचा छोटा किल्ला, वस्तीत गोलफादेवीचं देऊळ. मोठं काम काढण्याआधी देवीला कौल लावायची रीत इथे अजून पाळली जाते.

अशा गावाला झोपडपट्टीच्या व्याख्येत बसवण्याचे प्रयत्न झाले आणि रहिवाशांनी त्यांना विरोध केला. झोपडपट्टी कायदा १९७१चा, पुनर्वसन प्राधिकरण १९९५पासूनचं. त्या प्राधिकरणाच्या योजनेत पात्र कुटुंबाला आज ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. ज्याच्या डोक्यावर पत्रा आणि पायाखाली दुसऱ्याची जमीन, त्याला हे घर मोठा आधार आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या घरात राहणाऱ्या कोळ्याची मोजणीही त्याच पट्टीनं का व्हावी?

होऊ नये, कारण त्या मोजणीत फक्त चार भिंतींमधली जागा धरली जाते. जाळं दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे जरा निरखून बघा. फाटका भाग पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेला, हातात दोरा गुंडाळलेली प्लास्टिकची सुई, आणि उरलेलं जाळं शेजाऱ्याच्या ओट्यापर्यंत पसरलेलं. ते लिफ्टनं चौदाव्या मजल्यावर नेणार कसं? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या ओढून वर घ्याव्या लागतात, त्यांची डागडुजी होते. म्हावरं सुकवायला ऊन हवं. हळदीच्या मांडवात धवलारीण गाते तेव्हा अख्खी गल्ली त्या घराची होते. ही घराबाहेरची जागा कुणा एकाच्या नावावर नाही, म्हणून विकासकाच्या तक्त्यात तिला रकानाही नाही.

धारावीत काय झालं ते समोर आहे. मिठी नदी नासली, खाडीत भराव पडला, पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. धारावीचा कोळीवाडा जागच्या जागी आहे, पण त्याची मासेमारी गेली. तिथे घरं वाचली आणि पाणी गेलं. वरळीत पाण्याची वाट थोडीफार वाचवली, तर आता बंदराकाठची जमीन जाऊ शकते.

कोळीवाड्यात सगळं आलबेल आहे असं कुणीही म्हणणार नाही. मार्च २०२०मध्ये करोनाचे रुग्ण सापडले आणि वरळी कोळीवाडा बंद करावा लागला, तेव्हा ती दाटी साऱ्या शहरानं पाहिली. कुटुंबं वाढली, घरांवर माळे चढले, गल्ल्यांत हवा उरली नाही. मुलं नोकऱ्या करतात. काहींना टॉवर हवा आहे, आणि तो हवासा वाटणं अगदी रास्त आहे. मला आक्षेप आहे तो एवढाच, की त्यांच्यापुढे टॉवर किंवा पडझड असे दोनच पर्याय ठेवले जातात. मलनिःसारण, पाणी, घर आहे तिथेच दुरुस्त करायची सुटसुटीत परवानगी, यांसाठी गाव पाडावं लागत नाही.

२०११च्या किनारा नियमन अधिसूचनेनं मुंबईच्या कोळीवाड्यांचे नकाशे करून त्यांना वेगळा दर्जा द्यायला सांगितलं होतं. सीमांकनाचा घोळ त्यानंतरही वर्षानुवर्षं चालला. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले कलाकार पराग तांडेल आणि त्यांचे सहकारी ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’मधून कोळ्यांच्या वस्तू, आठवणी, अवजारं जमवताहेत. सरकारी मोजणीदारानंही थोडं त्यांच्यासारखं काम करायला हवं. घराच्या भिंतींबरोबर होड्या ओढायची जागा, जाळ्यांचं आवार, सुकवणीची जागा, बर्फ आणि डिझेल उतरवायचा धक्का, देवळापुढचं पटांगण, सगळं नकाशावर आखावं. आखणी नाखव्यांना आणि म्हावरं विकणाऱ्या बायकांना सोबत घेऊन व्हावी, आणि कुठल्याही विकासकाचा प्रस्ताव टेबलावर येण्याआधी व्हावी.