पऱ्हाटीचा जाळ, खापराची धग



हिवाळा लागला की आपल्या खानदेशात शेताशेतांतून भरिताचा बेत ठरतो. बामणोदकडची हिरवी, कमी बियांची मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, साल काढून ठेचायची. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात अन् सढळ तेल. सोबत कळण्याची भाकरी. जाळ चहूबाजूंनी लागतो, धूर आत मुरतो. गॅसवर ही चव येत नाही, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आखाजीला गोडाची पाळी. पुरण भरलेला मांडा हातांवर फिरवून मोठा करायचा अन् पालथ्या खापरावर टाकायचा. इथे भडका चालत नाही, धग सारखी हवी. वर आमरस!

जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण नुसत्या शिक्क्याने चव टिकत नाही. चांगले फळ बियाण्यासाठी राखा. मांड्यांचा हात लेकी-सुनांना शिकवा, अन् मुलांनाही; त्यात कमीपणा कसला?

आणखी एक. वेचणी संपली की पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका, बांधावर गंजीही लावू नका. तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते अन् पुढच्या कपाशीवर येते. भरितापुरत्या काड्या वापरा, उरलेल्यांचा यंत्राने भुगा करून कंपोस्ट करा. जाळाची चवही मिळेल आणि पुढचे पीकही वाचेल.