चुलीचा भाव: सालाने की रोजाने?

पाडव्याला सालगड्याचे साल ठरते तेव्हा मालक आणि गडी दोघेही मनात एकच हिशेब करीत असतात. पुढे मजुरी चढली तर मालकाचे साधले. उतरली किंवा पावसाने दगा दिला तर गड्याचे. ज्याला ही जोखीम नको, तो रोजंदारीने माणसे लावतो आणि त्या दिवशी जो भाव असेल तो मोजतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, स्वयंपाकघरातल्या गॅसचेही तसेच आहे. सिलिंडर म्हणजे रोजंदारी. टाकी आली की त्या दिवशीचा भाव. गोबरगॅस म्हणजे सालाने ठेवलेला गडी. फरक एवढाच की याचे दहा-पंधरा वर्षांचे साल एकदम आणि आगाऊ मोजावे लागते.

सिन्नर तालुक्यातील एका वस्तीवर माझे बऱ्याच वर्षांपासून जाणेयेणे आहे. तिथल्या एका जोडप्याने या एका प्रश्नावर दोन वर्षे काढली. मार्च २०२३ मध्ये सिलिंडर मुंबईच्या भावाने ₹१,१०२.५० झाला (आपल्याकडे वाहतुकीमुळे थोडा फरक पडतो), तेव्हा कारभारी माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, आता गोबरगॅस बांधूनच टाकतो. हा भाव काही परवडत नाही." मी माहिती दिली, कागद दिले. ऑगस्टच्या अखेरीस सिलिंडर ₹२०० ने उतरला आणि हे थांबले. मार्च २०२४ मध्ये आणखी ₹१०० कमी झाले, भाव ₹८०२.५० वर आला. त्या उन्हाळ्यात भेटले तेव्हा हसून म्हणाले, "बरं झालं साहेब, बांधला नाही. फसलो असतो." एप्रिल २०२५ मध्ये ₹५० वाढले आणि कारभारी पुन्हा माझ्या दारात.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. कांद्याच्या चाळीपुढे उभे राहून आपण सगळे हेच करतो. आज काढावा की आठ दिवसांनी, या विचारात महिना जातो. कांद्याचा भाव निदान लासलगावात ठरतो. गॅसच्या भावावर तर आपला काहीच जोर नाही. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो. सौदी अरेबिया दर महिन्याला जो भाव काढते तो आणि डॉलरचा भाव, या दोन्हींवर आपली टाकी हलते. नोव्हेंबर २०२० मध्ये ₹५९४ ला मिळणारा सिलिंडर अडीच वर्षांत अकराशेवर गेला; मध्ये फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचे युद्ध सुरू झाले होते. पुढचा भाव सांगण्याची विद्या माझ्यापाशी नाही, आणि कोणी सांगू लागला तर त्याच्याकडे फार वेळ बसू नये.

मग ठरवायचे कशावर? त्या दिवशी मी वही काढली आणि ओसरीवर हिशेब मांडला. आपणही कागद-पेन्सिल घेऊन बसावे, फक्त आकडे आपल्या घरचे घालावेत. समजा, पाच माणसांच्या घरात वर्षाला दहा सिलिंडर लागतात. एक घनमीटरची गोबरगॅसची टाकी नीट चालली तर त्यातले सात वाचतात, असे धरू. कागदावर याहून जास्त वाचतात, कारण एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. पण थंडीत गॅस कमी होतो, सणासुदीला पाहुणे येतात, म्हणून मी सातच धरतो. विटा, सिमेंट, गवंडी, पाइप आणि शेगडी मिळून, अनुदान वजा जाता, पदरचे ₹३०,००० गेले असे समजा.

सिलिंडर ₹८५० चा असेल तर वर्षाला ₹५,९५० वाचले. पाच वर्षांत पैसे फिटले. आता भाव ₹१,१०० धरा. ₹७,७०० वाचतील, चार वर्षांच्या आत फिटतील. ₹८०० धरला तर साडेपाच वर्षांच्या आसपास. म्हणजे ज्या चढउतारापायी कारभाऱ्यांनी दोन वर्षे घालवली, त्याने फरक पडतो दीड वर्षाचा.

मग मी दुसरी बाजू मांडली. गोठ्यातले शेण निम्मे झाले तर? सातऐवजी साडेतीन सिलिंडर वाचतील. ₹८५० च्या भावाने वर्षाला ₹२,९७५. पैसे फिटायला दहा वर्षे! भाव हलला तर दीड वर्ष, गोठा हलला तर पाच. कारभारी वहीकडे बघत राहिले.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या वडिलांनी १९८६ साली आमच्या घरामागे गोबरगॅस बांधला, लोखंडी टोपाचा. तेव्हा दावणीला दोन बैल, दोन म्हशी आणि एक गाय होती. गॅस भरपूर. पुढे आम्ही भावंडे शिकायला बाहेर पडलो, एक म्हैस विकली, मग नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला आणि बैल गेले. टोपाला रंग द्यायचा राहिला, तो गंजला. आज त्या हौदावर फरश्या टाकल्या आहेत आणि आई त्यावर पापड वाळवते. टाकीत दोष नव्हता. सालगडी ठेवला आणि शेतच विकले, असे झाले.

म्हणून कारभाऱ्यांना विचारले, "दहा वर्षं जनावरं राहतील का?" ते म्हणाले, "पोरगा दुधाचं बघतो. गाई राहतील. बैलाचं सांगवत नाही." एवढे मला पुरेसे होते. एवढ्यात आतून वहिनी बाहेर आल्या. इतका वेळ त्या दारामागून ऐकत होत्या. म्हणाल्या, "भावाचं जाऊ द्या साहेब. रोज शेण कालवणार कोण, ते आधी लिहा वहीत."

तीस वर्षे मी शेतकऱ्यांना सल्ला देतो आहे, आणि ही ओळ माझ्या कोणत्याही हिशेबात नव्हती. एक घनमीटरला रोज २५ किलो ताजे शेण आणि तेवढेच पाणी लागते. ते गोळा करायचे, काडीकचरा काढून कालवायचे, ओतायचे. आमच्या आईने ते तेरा-चौदा वर्षे केले आणि वडील गावात "माझा गोबरगॅस" म्हणून सांगत राहिले. मी वहीत लिहिले: शेण कालवणे, अर्धा तास, रोज. कारभारी म्हणाले, "मी करीन." वहिनींनी माझ्याकडे पाहिले. "साक्षीदार आहात हं."

कारभाऱ्यांना दोन घनमीटरची टाकी हवी होती, बांधायची तर मोठीच. मी म्हटले, आधी आठवडाभर शेण तोला. दोन गाई, एक कालवड, एक बैल. मनातल्या मनात त्यांनी ४० किलो धरले होते. पण जनावरे दिवसा चरायला जातात, बैल कामावर असतो. ते शेण रानातच पडते. काट्यावर कधी २८ किलो भरले, कधी २२. सरासरी २६ च्या आसपास. दोन घनमीटरला रोज ५० लागले असते. टाकी अर्धपोटी राहिली असती. जोखताना जनावरे मोजू नयेत, हाती येणारे शेण मोजावे. एका घनमीटरवर ठरले.

टाकी बांधणाऱ्यांसाठी थोडे. १९८४ साली निघालेल्या 'दीनबंधू' पद्धतीची जमिनीखालची घुमटाची टाकी गंजत नाही, पण घुमटाचा गिलावा जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्यावा. तिथे चीर राहिली की गॅस निघून जातो. जागा ऊन येणारी, स्वयंपाकघराजवळची आणि विहिरीपासून लांबची असावी. पहिल्या भरतीला पुढच्या चाळीस दिवसांचे शेण एकदम लागते, म्हणजे एक घनमीटरला साधारण एक टन. शेजाऱ्यांकडून आधी बोलून ठेवावे. साबणाचे, फिनाइलचे पाणी आत जाऊ देऊ नये. शेगडी गोबरगॅसची वेगळी मिळते. अनुदानाचा चालू आकडा पंचायत समितीत विचारावा आणि मंजुरी मिळाल्यावरच खड्डा खणावा. स्लरी ओढ्याला सोडणारेही मी पाहिले आहेत. शेणातला नत्र बहुतेक सगळा तिच्यातच उरतो. ती खड्ड्यात पालापाचोळ्यावर सोडावी किंवा पाटाच्या पाण्याबरोबर द्यावी.

ज्यांच्याकडे उज्ज्वलाची जोडणी आहे, त्यांनी घाई करू नये. ऑक्टोबर २०२३ पासून त्या जोडणीला सिलिंडरमागे ₹३०० अनुदान ठरले. ते खात्यात येत असेल तर ₹८५० चा सिलिंडर ₹५५० ला पडतो आणि वरच्या हिशेबातली पाच वर्षे जवळजवळ आठ होतात. उलट, सवलती निघतात तशा बंदही होतात. त्या घ्याव्यात, पण दहा वर्षांच्या हिशेबात कायमच्या धरू नयेत. आणि टाकी बांधली तरी सिलिंडरची जोडणी सोडू नये. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी टाकीलाही लागते. निम्मे सालाने, निम्मे रोजाने, असे ठेवणाऱ्याची चूल अडत नाही.

ते घर आता तसेच चालले आहे. सकाळचा चहा आणि दोन वेळची भाजी गोबरगॅसवर होते, भाकरी अजून चुलीवर, आणि थंडीला सिलिंडर. मागच्या महिन्यात मी सकाळी सकाळी तिथे गेलो, तर शेणाची बादली वहिनींच्या हातात. कारभारी कुठे आहेत म्हणून विचारले.

"बाजाराला," त्या म्हणाल्या, "कांद्याचा भाव बघायला."