कागद सादळतो तेव्हा

जुलैतली अलिबागची दुपार. तीन दिवस झड लागलेली आणि ऑफिसातला प्रिंटर दर दहाव्या कागदाला अडून बसलेला. आमचा शिरस्ता ठरलेला होता: झाकण उघडायचं, चुरगळलेला कागद ओढून काढायचा, मशीनला एक थाप मारायची, बंद करून चालू करायचं. त्या पावसाळ्यात टोनर बदलून झाला, रोलरही बदलून झाला, कागद अडकतच राहिला. शेवटी जो मेकॅनिक आला त्याने मशीन उघडलंच नाही. ट्रेमधला एक कागद कोपऱ्याला धरून कानाजवळ हलवला. मग बंद रीम फोडून त्यातला एक हलवला. नवा कडकड वाजला, आमचा नुसता लुळा हलला.

"साहेब, कागद सादळलाय."

पापड सादळतो, चिवडा सादळतो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. कागदाचं कधी मनातच आलं नव्हतं!

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची लादी. बंद रीममध्ये त्यात वजनाच्या साधारण ४ ते ५ टक्के पाणी असतं. किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेत उघडा पडला की ते प्रमाण दुपटीच्या वर जातं. गंमत अशी, की तंतू पाणी पिऊन लांबीला जवळजवळ वाढतच नाही, जाडीला फुगतो. म्हणून कागद एका दिशेला जास्त पसरतो, कडा लाटेसारख्या होतात आणि वाट अरुंद असली की तिथेच अडतो.

पण खरी कमाल पुढे आहे. लेझर प्रिंटर शाईने लिहीत नाही, विजेने लिहितो. केसांत घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो ना, तेच बळ. ड्रमवर प्रकाशाने अक्षराच्या आकाराचा विद्युतभार उमटतो, टोनरची भुकटी त्याला चिकटते आणि कागदामागच्या भाराच्या ओढीने कागदावर उडी मारते. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये गंधक चढवलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून ही करामत पहिल्यांदा साधली. कोरड्या कागदावर हा भार टिकतो, ओल्या कागदातून निसटून जातो. मग अक्षर फिकं, मध्येच गायब. आपण म्हणतो, टोनर संपला. पुढे भुकटी कागदावर पक्की करणाऱ्या फ्यूजरच्या सुमारे २०० अंशांच्या उष्णतेत कागदातल्या पाण्याची वाफ होते. पावसाळ्यात प्रिंटरमधून धूर आल्यासारखं दिसतं ती बहुधा हीच वाफ, आणि बाहेर पडणारा कागद कुरडईसारखा वळलेला असतो तोही याच पाण्यापायी.

हवेने छपाईला छळायचं हे काही नवं नाही. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात रंगावर रंग बसेना, कारण दोन छपायांच्या मधल्या वेळेत कागद पसरायचा नाहीतर आकसायचा. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने यंत्राला हात न लावता खोलीतली हवा कोरडी करण्याची योजना आखली. आजचा एसी जन्मला तो तिथे, माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे, कागद सादळू नये म्हणून!

दोष यंत्रात नसून भोवतालात, हे अलिबागकरांना तर ठाऊक असायला हवं. कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय उपकरणं उत्तम होती; पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे ओळखून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली. नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं. बिघडायच्या आधीच कारण शोधणारी ही माणसं, आणि आम्ही रोलर बदलत बसलो होतो!

सगळंच पावसावर ढकलता येत नाही, हेही खरं. कागदाच्या धुळीने रोलरचं रबर गुळगुळीत होतं आणि मग तो कागद उचलत नाही, किंवा एकदम दोन उचलतो. हे मे महिन्यातही होतं. ओलसर फडक्याने तो पुसला की बरेचदा काम भागतं.

आता आमच्याकडे रीम वेष्टनातच गुंडाळून, झाकणाच्या डब्यात ठेवतात आणि संध्याकाळी ट्रे रिकामा करतात. तुमचा प्रिंटर या पावसात अडला तर आधी बंद रीममधले दहा कागद घालून बघा. तेही अडकले तर मेकॅनिकला बोलवा. नाही अडकले, तर मशीनला हात लावू नका.