चौथी वाहिनी दिसली तर?

गर्भाच्या छातीत सुरुवातीला डावी-उजवी अशी मोठ्या शिरांची जोडी असते. आठव्या आठवड्याच्या सुमारास डावीकडचं रक्त उजवीकडे नेणारी आडवी शीर तयार होते. मग डावी आकसते आणि उजवीची ऊर्ध्व महाशिरा बनते. हजारात साधारण तीन ते पाच जणांत डावीही टिकून राहते.

18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत छातीच्या वरच्या भागात फुप्फुसधमनी, महाधमनी आणि ऊर्ध्व महाशिरा अशा तीन वाहिन्या ओळीने दिसतात. फुप्फुसधमनीच्या डावीकडे चौथी दिसली, तर ती बहुधा हीच टिकून राहिलेली डावी शीर असते; घाबरू नका. दुसरा दोष नसेल तर बाळाला सहसा त्रास होत नाही. पण हृदयात आणखी काही नाही ना, हे पाहायला गर्भाचा इको, म्हणजे त्याच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करायलाच हवा. अशा दोषांपैकी फुप्फुसांतल्या शिरा डाव्या कर्णिकेत न उघडणं मात्र गंभीर, आणि सोनोग्राफीत नेमकं तेच अनेकदा निसटतं.

मानोरा तालुक्यातल्या, पोहरादेवीकडच्या तांड्यांवरच्या गरोदर बायांनीही दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या मोफत तपासणीला जावं आणि या सोनोग्राफीबद्दल स्पष्ट विचारावं. पाचवा महिना उलटू देऊ नये.